आरोग्याचा सर्व्हे दारात आला तर

दारात टॅब घेतलेल्या दोन ताई उभ्या राहिल्या आणि "आरोग्याचा सर्व्हे आहे" म्हणाल्या, की आपल्या बौद्धवाडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या योजनेचा?" योजनेचा नाही म्हटलं की अर्धी माणसं आत निघून जातात. काही जण तोंडाला येईल ते सांगून मोकळे होतात. आणि काही जण आधार, रेशनकार्ड, पासबुक असं सगळंच समोर आणून ठेवतात. या तिन्ही वागण्यांत आपलं नुकसान आहे. कसं, ते या वेळी सविस्तर सांगतो.

आधी एक फरक लक्षात घेऊ. नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या वस्त्यांत आरोग्याच्या नावानं दारात येणारी माणसं एका जातीची नसतात. आशाताई किंवा नर्सबाई येतात, त्या आपलं नाव लिहूनच घेतात. कोण गरोदर आहे, कोणाच्या बाळाची लस राहिली, तीस वर्षांवरच्या कोणाला बीपी-शुगर आहे, कोणाचा खोकला दोन आठवडे थांबलेला नाही, हे त्यांना नावानिशीच हवं असतं, कारण उद्या औषध घेऊन त्यांनाच परत यायचं असतं. ती सेवा आहे, गोपनीय पाहणी नव्हे. जनगणनेचे प्रगणक येतात, तेही नावानिशी लिहितात आणि त्यांना उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. मात्र १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ती उत्तरं कोणाला पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे गोपनीय आरोग्य पाहणी. तिच्यात आपल्या घराकडून माहिती घेतात, पण बाहेर पडतो तो फक्त आकडा. भाग घेणं ऐच्छिक असतं. हा लेख या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

बावीस घरं

यातली सर्वांत मोठी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयासाठी ती मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली, पाचवी २०१९ ते २०२१ अशी दोन टप्प्यांत झाली, सहावी २०२३-२४ मध्ये. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं, १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ स्त्रिया आणि १५ ते ५४ वयाचे १,०१,८३९ पुरुष होते.

आकडे मोठे वाटतात, पण भागाकार करून बघा. जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं येतात. आपल्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २६ लाखांवर होती. म्हणजे निवडलेलं एक घर बोलतं ते शेकडो घरांच्या वतीनं.

निवड कशी होते तेही सांगतो, कारण "तिला विचारलं, मला का नाही" यावरून भांडणं होतात. आधी गावं आणि शहरातले भाग चिठ्ठ्या काढाव्यात तशा पद्धतीनं निवडले जातात. मग त्या भागातल्या सगळ्या घरांची यादी करतात आणि तिच्यातून ठरावीक अंतरानं २२ घरं उचलतात. सरपंचाच्या, नगरसेवकाच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षाच्या सांगण्यावरून त्यात बदल होत नाही. घराला कुलूप असेल तर पुन्हा येतात, शेजारचं घर घेत नाहीत. "मला काय कळतंय, आमच्या सुनेला विचारा, ती बारावी झालीय," असंही चालत नाही. जिची मुलाखत ठरली तिचीच हवी. शिकलेल्या माणसाचं उत्तर जास्त खरं, असा काही नियम नाही.

म्हणूनच, निवडलेल्या बावीस घरांपैकी कामाला गेलेली घरं सापडलीच नाहीत तर काय होतं बघा. कंपनीत कंत्राटी पाळीला जाणारे, फार्महाऊसवर माळीकाम करणारे, पहाटेच्या लोकलनं घरकामाला जाणाऱ्या बाया, वीटभट्टीवर बिऱ्हाड घेऊन गेलेली कुटुंबं मोजली जात नाहीत. मोजले जातात ते दुपारी घरी असणारे. आठवड्यात एखादी सुट्टी असेल तर ताईंना तो दिवस आणि वेळ सांगून ठेवा. त्या परत येतात, त्यांचं कामच ते आहे.

ऐकणारं कोण

"आमचं सांगणं बाहेर जाणार नाही कशावरून?" हा रास्त प्रश्न आहे. ज्यांची माहिती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याचविरुद्ध वापरली गेली, त्यांनी तो विचारलाच पाहिजे.

घरातल्यांची नावं सुरुवातीला लिहितात, कारण कोणाची मुलाखत घ्यायची ते ठरवायचं असतं. अभ्यासासाठी जी माहिती पुढे दिली जाते तिच्यात नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. वस्तीचं नकाशावरचं ठिकाणसुद्धा मुद्दाम हलवून देतात, शहरी भागात दोन किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात साधारण पाच किलोमीटरपर्यंत, म्हणजे कोणी उलटा माग काढू नये. घरात टीव्ही, फ्रीज, मोटरसायकल आहे का, हेही विचारतात. ते कुटुंबाची आर्थिक पायरी ठरवण्यासाठी असतं. त्यावरून रेशनकार्डाचा रंग बदलत नाही आणि झोपडीला नोटीस येत नाही. योजना मिळेल या आशेनं गाडी लपवली किंवा आब राखायला नसलेला फ्रीज सांगितला, तर फक्त हिशेब चुकतो. संडासाचंही तसंच. बांधलेला आहे पण पाणी नाही म्हणून वापरत नाही, तर तसंच सांगा. "आहे" एवढंच म्हटलं तर पाण्याची अडचण कागदावर येतच नाही.

पण खरं सांगायचं तर गुपित फुटतं ते टॅबमधून नव्हे, आपल्याच ओट्यावरून. पत्र्याची भिंत, एकच खोली, दारात जमलेली मुलं, कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई आणि "काय विचारतायत" म्हणून डोकावणारी शेजारीण. अशा वेळी बाई काय सांगणार? पाळी, गर्भपात, कुटुंब नियोजनाचं साधन, अंगावरचं पांढरं जाणं, नवऱ्याचा मार, हे प्रश्न या पाहणीत असतात. मशेरी-तंबाखूचाही असतो आणि सुनेसमोर सासूला त्याचं खरं उत्तर देता येत नाही, सासूसमोर सुनेला तर नाहीच. पुरुषांना दारूचं विचारतात. बायको शेजारी असेल तर आठवड्याची दारू महिन्याची होते.

पाहणीचे नियम या बाबतीत कडक आहेत. घरातल्या हिंसेचे प्रश्न काही निवडक घरांतच आणि त्या घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात. पूर्ण एकांत असेल तरच विचारतात. मध्ये कोणी आलं तर विषय बदलायचा, एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा. दुसऱ्या बाईला विचारत नाहीत, कारण तिनं ते घरात बोलून दाखवलं तर पहिलीवर संकट येईल.

तेव्हा आमची विनंती घरातल्या पुरुषांना आणि ज्येष्ठ मंडळींना आहे. ताई आल्या की चहा द्या आणि अर्धा-पाऊण तास बाहेर पडा. मुलांना घेऊन जा. घरात जागा नसेल तर मागच्या पडवीत किंवा झाडाखाली खुर्च्या टाकून द्या. विहार रिकामं असेल तर तिथं बसता येईल का, ते ताईंना विचारा. नंतर "काय काय विचारलं?" म्हणून सुनेची उलटतपासणी घेऊ नका. तेवढ्यानंही पुढच्या वेळचं उत्तर खोटं होतं.

पाहणी करणारी माणसं बहुधा बाहेरगावची असतात, याबद्दल काही जण कुरकुरतात. आमच्या मते ते बरंच आहे. ओळखीच्या माणसाला सगळं सांगता येत नाही.

एक प्रश्न फार जड जातो. स्त्रीला आजवर झालेल्या प्रत्येक मुलाबद्दल विचारतात, जे आज हयात नाही त्याच्याबद्दलही. कधी जन्मलं, किती दिवसांचं होऊन गेलं. पुष्कळ बाया अशी मुलं सांगतच नाहीत. "आता कशाला ते." माता रमाईंनी चार लेकरं गमावली, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्या काळी असं कोणाच्या दारात जाऊन कोणी विचारत नव्हतं. आज देशातला बालमृत्यूचा दर याच प्रश्नाच्या उत्तरांतून काढला जातो. पाचव्या फेरीत देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ३५ बाळं वर्षाच्या आत गेली. अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हा आकडा सुमारे ४१ होता. हा फरक कोणी भाषणात सांगितलेला नाही, तो आयांच्या उत्तरांतून आलेला आहे. डोळ्यांत पाणी आलं तर थांबा, ताईही थांबतील. उत्तर द्यायचंच नसेल तर तसं सांगा. पण दगावलेल्या लेकराला "नव्हतंच" म्हणू नका.

धर्म कोणता, जात कोणती

सुरुवातीलाच कुटुंबप्रमुखाचा धर्म विचारतात. उत्तराच्या पर्यायांत बौद्ध, नवबौद्ध हा वेगळा पर्याय आहे. तरीही कधी घाईत, कधी कपाळावरची टिकली किंवा घरातलं एखादं चित्र बघून, विचारणारी व्यक्ती न विचारताच "हिंदू" लिहून मोकळी होऊ शकते. आपण ऐकून घेऊ नये. "आम्ही बौद्ध आहोत, तसं लिहिलंत का?" असं स्पष्ट विचारावं.

पाहणीच्या अहवालात बौद्धांचा रकाना वेगळा असल्यामुळेच काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. पाचव्या फेरीत एका स्त्रीमागे सरासरी मुलं हिंदूंमध्ये १.९४, मुस्लिमांमध्ये २.३६, ख्रिश्चनांमध्ये १.८८ आणि बौद्धांमध्ये १.३९ होती, सगळ्या धर्मांत सर्वांत कमी. वस्तीतल्या लोकांना "पोरं जास्त" म्हणून हिणवणाऱ्याला याहून चांगलं उत्तर नाही.

दुसरा प्रश्न जातीचा येतो आणि इथं आपली अडचण होते. "आम्ही धम्म स्वीकारला, आम्ही जात मानत नाही," असं आपण अभिमानानं सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ते सांगण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण पाहणीत जातीचं नाव विचारून पुढे प्रवर्ग विचारतात: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग की यांपैकी कोणताच नाही. तिथं "कोणताच नाही" अशी खूण झाली, तर आपलं घर सवर्णांच्या घरांबरोबर एका रकान्यात जाऊन बसतं. मग त्या रकान्यातला रक्तक्षय वाढतो, आपल्या रकान्यातला कमी होतो आणि दोन्ही चित्रं खोटी होतात.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, आणि १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना त्यात स्थान मिळालं. म्हणून धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. जातीचं नाव विचारलं तर दाखल्यावर जी नोंद आहे ती सांगावी. जात मानणं वेगळं आणि जातीमुळे शरीरावर काय झालं ते मोजू देणं वेगळं, असं आम्हाला वाटतं. बाबासाहेब १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा अस्पृश्यांची गाऱ्हाणी त्यांनी लोकसंख्येचे आकडे घेऊनच मांडली होती.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध नोंदले गेले, राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के. प्रत्यक्षात याहून जास्त आहेत असं आपल्या सभांमधून नेहमी बोललं जातं. ते खरं असेल तर त्याचं उत्तर प्रत्येक पाहणीच्या पहिल्या पानावरच आहे.

बोटातला रक्ताचा थेंब

पाचव्या फेरीत उंची-वजन, बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासलं गेलं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत ते प्रमाण ४८ टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत ६८.९ टक्के. या तपासण्यांचा निकाल तिथल्या तिथं सांगून लिहून देतात. तो कागद जपून ठेवावा, दवाखान्यात उपयोगी पडतो.

रक्ताचा थेंब कागदावर टिपून नेला की वस्तीत लगेच कुजबुज होते, "एड्सची तपासणी आहे." कधीकधी ती खरंच असते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत देशभरच्या सर्वसामान्य घरांतून असे थेंब गोळा केले होते. त्यांच्यावर नाव नव्हतं. निकाल कोणाचा ते तपासणाऱ्यालाही कळणार नव्हतं, म्हणून तो कोणालाच सांगितला गेला नाही. ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचं त्याला मोफत तपासणीची चिठ्ठी दिली गेली. त्यातून निघालं की १५ ते ४९ वयोगटात एचआयव्हीचं प्रमाण ०.२८ टक्के आहे. तोवर देशात ५७ लाख लागण झालेले लोक आहेत असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. २००७ मध्ये तो सुमारे २५ लाखांवर आणला गेला आणि त्यात या पाहणीचा मोठा वाटा होता. बिननावाच्या थेंबांनी अख्ख्या देशाचा अंदाज दुरुस्त केला.

रक्तासाठी वेगळी परवानगी विचारतात. प्रश्नांची उत्तरं देऊन रक्ताला नाही म्हणता येतं. १५ ते १७ वयाच्या मुलामुलीसाठी आईवडिलांची परवानगी लागते आणि त्या मुलाची स्वतःचीही. आईनं हो म्हटलं आणि मुलगी नको म्हणाली, तर नकोच. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कोणाचा निकाल उघड करता येत नाही.

आधी आपण विचारायचं

पाहणीला हो म्हणण्याआधी प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे, त्यात उद्धटपणा नाही. ओळखपत्र दाखवा. पाहणी कोणत्या संस्थेची आणि कशासाठी? किती वेळ लागेल? माझं नाव शेवटी कुठं राहणार? काही शंका आली तर कोणाला फोन करायचा? चांगल्या पाहणीत यातलं बरंचसं ते स्वतःहून वाचून दाखवतात आणि नैतिकता समितीची मान्यता असल्याचं सांगतात. घाईनं "इथं सही करा" म्हणत असतील तर थांबवा. आवडला नाही तो प्रश्न सोडता येतो, मुलाखत मध्येच थांबवता येते. त्यामुळे तुमचे उपचार, रेशन, शिष्यवृत्ती यांतलं काही अडत नाही.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: "बँकेत तुमचं स्वतःचं खातं आहे का" हा प्रश्न खऱ्या पाहणीत असतो, बाईच्या हातात पैसा आहे का ते बघण्यासाठी. खाते क्रमांक कोणी विचारत नाही. आधार क्रमांक, मोबाईलवर आलेला ओटीपी, एटीएमचा पिन, अंगठ्याचा ठसा यांतलं काही मागितलं तर तो आरोग्याचा सर्व्हे नव्हे, दार लावून घ्या. आयुष्मान भारतचं चौदा अंकी आभा कार्ड काढताना आधार आणि ओटीपी लागतो, पण ते आशाताई किंवा दवाखान्यातून, आपल्या इच्छेनं काढायचं वेगळं काम आहे. दोन्ही एकत्र होऊ देऊ नका.

कॉलेजची मुलं, सामाजिक संस्था, वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर असे अर्ज भरून घ्यायला येतात. त्यांना एक जास्तीची अट घालावी असं आम्ही सुचवतो: अभ्यास झाला की काय निघालं ते पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात येऊन मराठीत सांगा. राष्ट्रीय पाहणीतून जिल्ह्याचा आकडा मिळतो, पण नऊशे घरांतून कर्जत तालुक्याच्या बौद्धवाड्यांचं वेगळं चित्र निघत नाही. ते निघेल तर अशा छोट्या पाहणीतूनच. म्हणून ती परत आपल्यापर्यंत यायला हवी. नकार देणाऱ्यांना पुढच्या वेळी कोणी घर उघडून देण्याचं कारण नाही.

तपासणीत रक्त फारच कमी, बीपी किंवा साखर जास्त निघाली तर पुढच्या फेरीची वाट बघत बसू नका. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला आणि खालापूर तालुक्यात चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. सोबत तो लिहून दिलेला कागद न्या. एचआयव्हीची शंका मनात असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि हिंसेच्या प्रश्नांनी जुनी जखम उघडी झाली असेल, घरात बोलायला कोणी नसेल, तर १८१ वर महिला हेल्पलाईन लागते. हे तीन आकडी आणि चार आकडी नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवता येतील. फक्त फळा सगळ्यांना दिसेल अशा जागी हवा, म्हणजे कोण वाचतंय हे कोणी बघणार नाही.